वृद्धाश्रमातील अंगठा : दिलेले किती, घेतलेले किती?

समजा, वृद्धाश्रमातील एका आजींच्या खात्यात श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये जमा होतात. बँकेपर्यंत चालवत नाही, म्हणून बँक मित्र आपले छोटे यंत्र घेऊन आश्रमात येतो. आधार क्रमांक सांगून अंगठा ठेवला की पैसे निघतात. सोबत असते सांभाळणारी कर्मचारी. आजींना पावती वाचता येत नाही. निघाले दीड हजार, हातात पडले पाचशे.

सुरुवात अशी लहान असते. मग औषधाच्या नावाखाली रक्कम कापली जाते, 'उसने' मागितले जातात, एटीएमचा पिन दुसऱ्याकडे जातो. शेवटी बक्षीसपत्रावरही अंगठा उमटतो.

आजी बोलत का नाहीत? कारण अंघोळ घालणारे आणि रात्री पाणी देणारे हात तेच असतात. ते दुखावले तर आपले कोण करणार, ही भीती असते. म्हणून 'त्यांनी राजीखुशीने दिले' हे उत्तर तपासून घ्यावे लागते.

पंचशीलातील दुसरे शील न दिलेले घेऊ नये असे सांगते. भीतीपोटी किंवा न समजता उठवलेला अंगठा म्हणजे देणे नव्हे. सिगालोवाद सुत्तात सेवकाने दिले तेवढेच घ्यावे असे म्हटले आहे. तसेच मालकाने सेवकाला योग्य अन्न-वेतन द्यावे, असेही. तुटपुंज्या पगाराने चोरीचे समर्थन होत नाही. पण पगार आणि देखरेख ही संस्थाचालकांची जबाबदारी आहे.

काय करता येईल?

• पासबुक दरमहा भरून घ्या आणि आजी-आजोबांना वाचून दाखवा.
• गरज नसताना आधारचे बायोमेट्रिक लॉक ठेवा.
• ७० वर्षांवरील खातेदारांसाठी बँकेकडे घरपोच सेवा मागा.
• कर्मचाऱ्यांनी रहिवाशांकडून भेट, उसने पैसे किंवा मालमत्ता घेऊ नये, असा लेखी नियम आश्रमाकडून करून घ्या.
• सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार न्यायाधिकरणाकडून ते हस्तांतरण रद्द करून घेता येते.
• फसवणूक किंवा अपहार झाल्यास पोलिसांत तक्रार द्या. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे.

जयंतीला आपण वृद्धाश्रमात फळे वाटायला जातो, फोटो काढतो. यावेळी थोडा वेळ जास्त काढा. कर्मचारी जवळ नसताना आजींशेजारी बसा आणि विचारा, "आजी, तुमचं पासबुक कुणाकडे असतं?"