कैलास लेण्याच्या दगडात किती लोखंड?

वेरूळचे कैलास लेणे कोरताना सुमारे २ लाख टन दगड काढला गेला, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. तो दगड गेला कुठे, यावर पारावरच्या गप्पांपासून यूट्यूबपर्यंत हवे तेवढे तर्क चालतात. मला मात्र दुसराच हिशेब करावासा वाटतो. त्या दगडात धातू किती होते?

हा दगड म्हणजे बेसॉल्ट, आपला काळा कातळ. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये वजनाने ९-१० टक्के लोखंड असते, ७ टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिनियम आणि एक-दीड टक्का टायटॅनियम. म्हणजे राष्ट्रकूटकाळातल्या पाथरवटांनी छिन्नीने किमान १८ हजार टन लोखंड उडवून लावले. पॅरिसच्या आयफेल टॉवरला ७३०० टन पुरले होते. ॲल्युमिनियम भरेल १४ हजार टन. तांबे टनामागे १०० ते २०० ग्रॅम, म्हणजे एकूण २० ते ४० टन. आणि सोने? भूकवचाच्या सरासरीने टनाला ४ मिलिग्रॅम धरले, तर अख्ख्या ढिगाऱ्यात ८०० ग्रॅम. आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने ८० तोळे!

आता जालन्याकडे बघा. छत्रपती संभाजीनगरपासून साठेक किलोमीटरवरचे हे गाव बांधकामाच्या सळयांसाठी ओळखले जाते. पायाखाली शेकडो मीटर लोखंडी कातळ, पण तिथल्या भट्ट्या चालतात भंगारावर, आणि ते येते देशभरातून, परदेशातूनही.

वेडेपणा वाटतो, पण यामागचे गणित पक्के आहे. बेसॉल्टमधले बरेचसे लोखंड पायरॉक्सीनसारख्या खनिजांत सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या घट्ट जाळ्यात अडकलेले असते. थोडे मॅग्नेटाइटच्या कणांत असते. काही डोंगरांवर होकायंत्राची सुई भरकटते ती याच कणांमुळे. एक टन लोखंड हवे तर दहा टन दगड फोडा, वितळवा आणि नऊ टन मळी कुठे टाकायची याची चिंता करा. उलट गडचिरोलीत सूरजागडच्या हेमाटाइटमध्ये ६० टक्क्यांहून जास्त लोखंड सापडते.

अमेरिकी रसायनतज्ज्ञ फ्रँक क्लार्क यांनी १८८९ मध्ये शेकडो खडकांची रासायनिक पृथक्करणे गोळा करून कवचातल्या मूलद्रव्यांची पहिली मोठी यादी मांडली. आजच्या आकड्यांत तिच्या माथ्यावर ऑक्सिजन आणि सिलिकॉन आहेत. धातूंत ॲल्युमिनियम (सुमारे ८ टक्के) पहिले, लोखंड (५ टक्क्यांहून थोडे अधिक) दुसरे. पण ही सरासरी आहे, आणि खाणवाल्याला सरासरीशी कर्तव्य नसते. त्याला हवा असतो निसर्गाने आधीच पाखडून ठेवलेला माल. सूरजागडसारख्या साठ्यांचे मूळ अब्जावधी वर्षांपूर्वीच्या समुद्रात आहे. त्या पाण्यात लोखंड विरघळलेले होते. सूक्ष्मजीवांनी सोडलेला ऑक्सिजन मिळाल्यावर ते गंजून तळाशी बसले. आपला लाव्हा अवघा साडेसहा कोटी वर्षांचा. वर आला, थिजला, आणि त्यातले सगळे सरमिसळच राहिले. त्याखाली जुने खडक आहेत, हे खरे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला छिद्र घेतले, तेव्हा ३३८ मीटरवर बेसॉल्ट संपला. पण एवढ्या जाड पांघरुणाखालचे खनिज हुडकणार कोण?

हाच कातळ कोल्हापूरकडच्या घाटमाथ्यावर मात्र धातूची खाण झाला. तिथल्या धुवाधार पावसाने लाखो वर्षांत सिलिका वाहून नेली आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, तेच बॉक्साइट. आपल्याकडे मराठवाड्यात वर्षाला जेमतेम ७०० मिलिमीटर पाऊस. इथे सिलिका चिकणमातीत टिकली आणि कपाशीची काळी जमीन तयार झाली. तक्रार करावी असे त्यात काही नाही.

साठ्याचे महत्त्व जुन्या नाण्यांतही दिसते. पैठणच्या सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली. शिसे कवचात टनामागे फक्त १४ ग्रॅम, म्हणजे तांब्याच्या पावपट. पण भूगर्भातले गरम पाणी ते गॅलेना या खनिजाच्या शिरांत गोळा करते आणि साध्या लाकडाच्या भट्टीतही ते सुटते. आपल्या कातळात अशा शिरा नाहीत. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो की शिसे, तांबे आणि कथील भडोच बंदरात समुद्रमार्गे येत. त्याच ग्रंथानुसार पैठणहून तिकडे जात ते अकीकासारखे दगड.

शिशाच्या नेमके उलटे निओडिमियम या धातूचे. कवचात ते शिशाच्या जवळजवळ तिप्पट आहे, पण माणसाच्या हाती वेगळे लागले १८८५ मध्ये, ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर यांच्याकडून. कारण ते सहसा साठून राहत नाही, आणि ‘दुर्मीळ मृदा’ गटातल्या भावंडांसारख्या धातूंत असे मिसळते की सोडवायला द्रावणांच्या शेकडो पायऱ्या लागतात. शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्ट्यात ज्या विद्युत वाहनांच्या कारखान्यांची चर्चा चालते, त्यांच्या बहुतेक मोटरींना याच धातूची चुंबके लागतात. केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावर लाटांनी जड मोनाझाइट वाळू निवडून ठेवली आहे आणि तिच्यात हे धातू आहेत. पण वाळूपासून चुंबकापर्यंतच्या कामाचा मोठा भाग चीनमध्ये होतो. एप्रिल २०२५ मध्ये चीनने या गटातल्या सात धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर बंधने आणली, तेव्हा काही महिन्यांतच आपल्या देशातल्या वाहन कारखान्यांची तारांबळ उडाली.