वर्खाची पारख

वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर-अमरावती महामार्गावरील गाव. अशा गावातील बचत गटाने संगणकावर चालणारे कागद कापण्याचे छोटे यंत्र घेऊन लग्नपत्रिका व प्रशस्तिपत्रांवर सोनेरी अक्षरे उमटविण्याचे काम हाती घेतल्यास वर्खाची, म्हणजे फॉइलची, निवड जपून करावी लागते. दुकानात सर्वच गुंडाळ्या सारख्या चकाकतात. चुकीची गुंडाळी मात्र तशीच पडून राहते आणि गटाचे पैसे अडकतात.

या वर्खात सोने नसते. पॉलिएस्टरच्या पातळ पट्टीवर पिवळ्या छटेचा लेप, त्यामागे ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म थर व शेवटी चिकट द्रव्य, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. यंत्रात तापणारी लेखणी असेल, तर उष्णतेने चिकटणारा वर्ख घ्यावा. न तापणाऱ्या, केवळ दाब देणाऱ्या टोकास दाबाने उतरणारा वर्ख लागतो. टोनरचा वर्ख लेसर छपाईवर उष्णतेने बसतो. इंकजेटच्या शाईवर तो धरत नाही. पात्याने कापावयाच्या चकचकीत स्टिकरलाही बाजारात फॉइलच म्हणतात, आणि घोटाळा बहुधा तेथेच होतो.

यास्तव दरपत्रक मागविताना नुसते ‘सोनेरी फॉइल’ असे न लिहिता यंत्राचे व लेखणीचे नाव नमूद करावे. आधी लहान तुकडा आणून, चकाकती बाजू वर ठेवून, नेहमीच्या कागदावर चाचणी घ्यावी. खरबरीत कागदावर रेघ तुटते.