आंग्रियाचा सातबारा (लेखांक 6)

होसकोट्याला भारतीय खगोलभौतिकी संस्थेचं केंद्र आहे. लडाखमधल्या हानलेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण तिथूनच, उपग्रहामार्फत चालवली जाते. शहाजीराजांच्या जहागिरीतल्या या गावातून दूरच्या दीर्घिका न्याहाळता येतात. पण विजयदुर्गच्या पश्चिमेला 105 किलोमीटरवर, पाण्याखाली जेमतेम वीस मीटरवर माथा असलेली आंग्रिया बँक दुर्बिणीच्या आवाक्यातली नाही. पाणी प्रकाश गिळतं. तिथे ध्वनीच हवा.

कान्होजी आंग्र्यांचं नाव लाभलेला हा उंचवटा समुद्रबूड जमिनीच्या बाहेरच्या अंगाला आहे. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होती. तेव्हा ही किनाऱ्याजवळची टेकडी असणार. बर्फ वितळलं, पाणी चढलं, टेकडी बुडाली. किनाऱ्यालगतच्या तळावर नद्यांनी गाळ आणून ओतला. इतक्या लांब तो फारसा पोचत नाही. म्हणून इथलं पाणी नितळ, तळ कठीण, आणि त्यावर प्रवाळ.

मोजणीला मल्टिबीम इको साउंडर वापरतात. जहाजाच्या बुडाखालून ध्वनीचा पंखा सोडायचा, प्रत्येक किरण परत यायला लागलेला वेळ मोजायचा. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण 1500 मीटर धावतो. वीस मीटरवरून प्रतिध्वनी सेकंदाच्या चाळिसाव्या भागाच्या आतबाहेर परततो. पाण्याचं तापमान नि क्षारता बदलली की हा वेग बदलतो. तो जागेवर मोजला नाही, तर सपाट तळही नकाशात कडेला वाकलेला उमटतो.

खरी मेख पुढेच आहे. एका फेरीत मोजला जाणारा पट्टा खोलीच्या तीन-चार पट रुंद असतो. तीन हजार मीटर खोलीवर एका फेरीत दहा किलोमीटरचा पट्टा हाती लागतो, वीस मीटरवर पाऊणशे मीटरचा. म्हणजे उथळ पाणीच जास्त वेळखाऊ! आंग्रिया सुमारे 40 किलोमीटर लांब, 15 किलोमीटर रुंद. सगळीकडे माथ्याइतकीच खोली धरली, तर दोनशे उभ्या फेऱ्या, आठ हजार किलोमीटर. ताशी पंधरा किलोमीटरने रात्रंदिवस चाललं तरी तीन आठवडे. पावसाळ्यात तर नावच नको.

एवढं करून हाती येतात ते चढउतार. तिथे राहतं कोण, हे त्यावरून कळत नाही. प्रतिध्वनी किती जोरात आला यावरून थोडा अंदाज बांधता येतो: खडक ध्वनी खणखणीत परतवतो, चिखल बराचसा शोषून घेतो. पण जिवंत प्रवाळ, मेलेल्या प्रवाळाचा चुरा आणि शिंपल्यांचा थर यांचे प्रतिध्वनी पुष्कळदा सारखेच येतात, आणि अधिवासाच्या नकाशाला तर नेमका हाच फरक हवा असतो. म्हणून मग जबड्यासारखा मिटणारा पंजा दोरीने सोडून तळाचा नमुना वर काढतात, कॅमेरा उतरवतात, पाणबुडे पाठवतात. रंगीत पडदा पाहून समाधान मानणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. ज्याने पंज्यातली रेती हातात चोळून पाहिली, त्याचा नकाशा मी आधी उघडेन.

या कामाला कायद्याचीही बाजू आहे. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंत आपला प्रादेशिक समुद्र. आंग्रिया त्याच्या बरीच बाहेर, पण 200 सागरी मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात आहे. 1976 च्या सागरी क्षेत्र कायद्यानुसार केंद्र सरकार तिथला एखादा भाग अधिसूचित करून त्याच्या रक्षणाची तरतूद करू शकतं. मात्र हद्द आखायची तर प्रवाळ कुठून कुठपर्यंत आहेत, ते आधी दाखवावं लागेल. हद्द आखल्यावर तिथल्या मासेमारीचं काय, ते पुढच्या आठवड्यात.