दहा सेंटीमीटरसाठी हजार किलोमीटर

मुलीला जिम्नॅस्टिक्स शिकवायचंय? आधी एसटीचं टाइमटेबल पाठ करा!

ऑफिसला पोचायला तुम्हाला किती वेळ लागतो? पाऊण तास? वाकड चौकात अडकलात तर सव्वा? आणि तेवढ्यावर आपण दिवसभर कुरकुरतो, 'ट्रॅफिकने जीव काढला यार' असा मेसेज ग्रुपवर टाकतो. आता जरा वेगळा सीन इमॅजिन करा. जायला दोन-सव्वादोन तास, यायला तेवढेच. आठवड्यातून सहा दिवस. पगार शून्य, उलट फी भरायची. आणि पोचल्यावर तुम्ही काही करायचंही नाही. हॉलबाहेरच्या बाकड्यावर डबा मांडीवर घेऊन बसायचं, कारण आत तुमची आठ वर्षांची मुलगी बॅलन्स बीमवर तोल सांभाळतेय.

बीम म्हणजे पाच मीटर लांब, जमिनीपासून सव्वा मीटर उंच आणि फक्त दहा सेंटीमीटर रुंद अशी पट्टी. तुमचा मोबाईल आडवा ठेवलात तर दोन्ही बाजूंनी बाहेर येईल.

प्रश्न असा आहे, की त्या दहा सेंटीमीटरसाठी आई-बाप किती लांब जातात? पुण्या-मुंबईत बसून याचं उत्तर नीट मिळत नाही. इथे 'लांब' म्हणजे दोन सिग्नल जास्त. म्हणून नकाशावर थोडं उत्तरेला सरकू या.

शेवगाव ते कुठेही

शेवगाव. अहिल्यानगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव (२०२४ पर्यंत जिल्ह्याचं नाव अहमदनगर होतं). कापूस, ऊस, आठवडी बाजार, कायम गजबजलेला एसटी स्टँड. रेल्वे नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी म्हणजे नगरला जायचं तर अमरापूर, तिसगाव, मग करंजी घाट. साधारण ६५ ते ७० किलोमीटर. उलट दिशेला गेलात तर ३० किलोमीटरवर पैठण आणि जायकवाडीचा नाथसागर, तिथून आणखी ५० किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचं औरंगाबाद. पुणे पावणेदोनशेच्या पुढे.

खेळाच्या हिशोबाने यातलं संभाजीनगर महत्त्वाचं. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं, म्हणजे 'साई'चं केंद्र आहे आणि जिम्नॅस्टिक्स हा तिथला जुना, मानाचा खेळ. शेवगावच्या पालकाने गुगल मॅप उघडला तर बोट आधी तिकडेच जाईल.

समजा, शेवगावात अशी एक मुलगी आहे. तिसरीत शिकते, घरात सोफ्यावरून कोलांट्या मारते. गॅदरिंगला तिची कार्टव्हील बघून पीटीच्या सरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, 'हिला शिकवा.' बस्स, इथून गणित सुरू.

जाऊन-येऊन १६५ किलोमीटर. आठवड्याचे सहा दिवस म्हणजे जवळजवळ हजार. हो, एका आठवड्यात हजार! शाळा दुपारीच सोडावी लागणार, कारण चारच्या बॅचला पोचायचं तर दीडच्या सुमारास निघायलाच हवं. सात वाजता प्रॅक्टिस संपली तर घरी यायला साडेनऊ, ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागे अडकलात तर दहा. जेवण, थोडा होमवर्क, झोपेपर्यंत अकरा. सकाळी सहाला पुन्हा उठायचं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ ते बारा तास झोप हवी असं झोपेचे डॉक्टर सांगतात. आपल्या या मुलीला मिळाली सात. आणि झोप न झालेलं ते शरीर दुसऱ्या दिवशी दहा सेंटीमीटरच्या पट्टीवर मागे वाकणार.

माझ्या मते खरी अडचण इथे आहे. पेट्रोलचे पैसे माणूस कुठून तरी उभे करतो. झोप उसनी मिळत नाही.

याच खेळाचं एवढं काय?

कबड्डी गावच्या मैदानावर होते. कुस्तीला तालीम आहे, तांबडी माती आहे, नगर जिल्ह्याला तर त्याचा केवढा अभिमान! बुद्धिबळ आता मोबाईलवर. धावायला बांधावरचा रस्ताही पुरतो, निदान पहिली दोन-तीन वर्षं. जिम्नॅस्टिक्सचं तसं नाही. मुलींना चार साधनं लागतात: व्हॉल्ट, अनइव्हन बार्स, बीम आणि १२ बाय १२ मीटरचा स्प्रिंग लावलेला फ्लोअर. मुलांना तर सहा. खाली जाड मॅट्स, वर उंच छत, आणि ज्याच्या हातात आपलं पोर निर्धास्त सोडता येईल असा कोच. पूर्ण साधनांचा असा हॉल तालुक्याच्या गावात सहसा सापडत नाही.

दुसरा लोचा वयाचा. सुरुवात सहा-सात वर्षांची असतानाच करायला हवी, आणि आंतरराष्ट्रीय सीनियर गटात मुलीला प्रवेश मिळतो तो सोळाव्या वर्षी. म्हणजे मधली दहा वर्षं! इंजिनिअरिंगच्या क्लाससाठी मुलं लातूरला किंवा कोट्याला जातात ती सोळा-सतराव्या वर्षी, तेही दोन वर्षांसाठी. इथे पोर अजून स्वतःच्या वेण्या घालू शकत नाही आणि तुम्ही दहा वर्षांचा प्लॅन करताय.

आणि 'वीकएन्ड बॅच' हा फंडा इथे चालत नाही. गिटार शनिवार-रविवार शिकता येतं. लवचिकता आणि ताकद मात्र मधल्या पाच दिवसांत पुन्हा आखडून बसते. म्हणून अंतर किती, यापेक्षा ते आठवड्यातून किती वेळा कापायचं, हा प्रश्न मोठा. महिन्यातून एकदा मुलीला दिल्लीला नेणारे पालक सापडतील. रोज ८० किलोमीटर नेणं ही वेगळीच केस आहे.

हाफ तिकिटाची गोष्ट

आता जाणार कोण? बाबा की आई?

बाईकचा हिशोब करू. लिटरला ५० किलोमीटर धरले तरी रोजचं सव्वातीन लिटर पेट्रोल, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास, महिन्याला नऊ हजार. शिवाय आठ वर्षांच्या मुलीला रात्री हायवेवरून बाईकवर आणायचं? कुणीही शहाणा माणूस नाही म्हणेल. उरली आपली लाल परी.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना हाफ तिकीट तर आधीपासूनच. म्हणजे आई आणि मुलगी मिळून एकच फुल तिकीट! मुलगी बारा वर्षांची झाली तरी तिचं तिकीट अर्धंच राहतं. आईबरोबर जाणाऱ्या मुलीसाठी ही सवलत सॉलिड आहे, वादच नाही. पण तिने घरातला एक निर्णयही गुपचूप करून टाकला. बाबा गेले की दीड तिकीट, आई गेली की एक. झालं, आईच जाणार. मग आईची शिलाई, आईचं दुकान, अंगणवाडीतली किंवा शाळेतली नोकरी, यातलं काय सुटणार ते सांगायला नको. मुलीच्या करिअरची पहिली फी आईच्या करिअरमधून वळती होते. धाकटा भाऊ आजीकडे, रात्रीच्या भाकरी जाऊबाईंच्या गळ्यात. 'एवढं करून काय मिळणार?' हा प्रश्न स्टँडवर, लग्नात, हळदी-कुंकवात, सगळीकडे.

उत्तर अगदीच नाही असं नाही. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी ठरावीक पातळीवर खेळावं लागतं. तिथपर्यंत पोचेस्तोवर सगळं उधारीवर.

एक तर हॉस्टेल, नाहीतर दुसऱ्याचं घर

त्यामुळे कम्यूट फार टिकत नाही. वर्ष-दोन वर्षांत घराला ठरवावं लागतं: सोडायचं की हलायचं. पश्चिम बंगालच्या प्रणती नायककडे बघा. मेदिनीपूरकडच्या गावातली मुलगी, वडील बसचालक. ती लहानपणीच कोलकात्याला 'साई'मध्ये गेली, मिनारा बेगम यांच्या हाताखाली घडली. २०१९, २०२२ आणि २०२५ असं तीनदा आशियाई स्पर्धेत व्हॉल्टचं ब्राँझ, टोकियो ऑलिम्पिकला भारताची एकुलती एक जिम्नॅस्ट. २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेत सर्वोत्कृष्ट महिला खेळाडूचा मान तिला आपल्या ठाण्याच्या संयुक्ता काळेबरोबर विभागून मिळाला. संयुक्ता रिदमिकची, आणि रिदमिकचं दमदार ट्रेनिंग ठाण्यातच आहे. दोघींची मेहनत तेवढीच, मेडल्सही तशीच. फक्त एकीला त्यासाठी घर सोडावं लागलं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. अमेरिकेची गॅबी डग्लस २०१० मध्ये चौदा वर्षांची असताना व्हर्जिनिया बीचवरून थेट आयोवाला गेली, कोच लियांग चाव यांच्याकडे. अंतर हजार मैलांच्याही वर. राहिली कुठे? एका अनोळखी कुटुंबात, त्यांच्या मुलींबरोबर. आई मागेच, बाकीच्या भावंडांसाठी. २०१२ ला लंडनमध्ये गॅबी ऑलराउंड चॅम्पियन झाली म्हणून ही गोष्ट आपल्याला माहीत आहे. ज्या मुली तशाच गेल्या आणि पाय मोडून परत आल्या, त्यांच्यावर कुणी सिनेमा काढत नाही.

उलटा प्रवास

आता अगरतळा. दिल्लीपासून, मुंबईपासून, सगळ्यापासून लांब. तरीही दीपा कर्माकर तिथेच घडली. २०१६ ला रिओमध्ये व्हॉल्टला चौथी, ब्राँझ फक्त ०.१५० गुणांनी हुकलं. २०२४ मध्ये ताश्कंदला आशियाई सुवर्ण, आणि त्याच वर्षी निवृत्ती. शिकायला ती रोज शंभर किलोमीटर गेली नाही. तिचे गुरू बिश्वेश्वर नंदी गावातच होते. ते गावात कसे? कारण त्यांच्याही आधी, १९६० च्या दशकात, दलीप सिंग नावाचे कोच उत्तर भारतातून उठून त्रिपुरात गेले आणि तिथे हा खेळ रुजवला. त्यांच्या शिष्यांतून मंटू देबनाथसारखे अर्जुन पुरस्कार विजेते निघाले, शिष्यांचे शिष्य तयार झाले.

म्हणजे प्रवास तिथेही झालाच की! फक्त तो पन्नास आयांनी केला नाही, एका कोचने केला.

पूर्ण हॉल शेवगावात उद्या उभा राहणार नाही, मान्य. पण महाराष्ट्राच्या हातात एक गोष्ट आहे जी त्रिपुराकडे नव्हती: मल्लखांब. जमिनीवर साधारण साडेआठ फूट उंच लाकडी खांब, खाली मॅट, नाहीतर नुसता दोर. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरात पिढ्यान्‌पिढ्या मुलं त्यावर घडली, तिथल्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. 'खेलो इंडिया'तही आता तो आहे. मल्लखांब म्हणजे जिम्नॅस्टिक्स नव्हे, बीमची भीती त्याने जाणार नाही. पण पकड, ताकद, हवेत असताना शरीराचं भान, हे सगळं सहाव्या-सातव्या वर्षी गावातच तयार होऊ शकतं. ती दोन-तीन वर्षं गावात मिळाली तर रोजच्या हजेरीची सक्ती जरा पुढे ढकलता येते, आणि लांबचा कोच आठवड्यातून एकदा गाठला तरी वाया जात नाही. शाळेच्या पटांगणात एक खांब आणि एक शिकलेला मास्तर. बजेट फार नाही, इच्छा लागते.

तोवर काय? तोवर फोन येणार. आणि तो तुम्हालाच येणार, कारण घरातले शहरात राहणारे तुम्हीच. दिवाळीनंतर कधी तरी ताई किंवा वहिनी आधी तब्येतीची चौकशी करतील, मग हळूच विषय काढतील: 'अरे, तुझ्या फ्लॅटपासून बालेवाडी किती लांब रे? नाही, पिंकीला म्हणत होते सर... दोन वर्षं ठेवून घेशील का?' तुमचा वन-बीएचके, तुमची नाईट शिफ्ट, सोमवारचा अमेरिकेचा कॉल, हे सगळं त्या एका सेकंदात डोळ्यांसमोरून जाईल. हॉलवर सोडायला कोण, आणायला कोण, रात्री तिला आईची आठवण आली तर काय, हेही. बालेवाडी पंधरा मिनिटांवर आहे, हे तुम्ही सांगाल की नाही?