पवनी : तट, टेकडी आणि तेहतीस दारं

भंडाऱ्याहून दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर, वैनगंगेच्या उजव्या काठाला पवनी आहे. देवळं नि घाट पाहून तिला ‘विदर्भाची काशी’ म्हणायची रीत पडली आहे. मला ती खटकते. काशीचं बिरुद लावलं की पवनीचं स्वतःचं वय झाकलं जातं, आणि ते वय काही लपवण्यासारखं नाही.

जगन्नाथ टेकडीच घ्या. वर देऊळ, म्हणून टेकडीचं नाव जगन्नाथ. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी ती उकरली. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी या कामाचे धुरीण. देवळाखाली निघाला विटांचा प्रचंड स्तूप, सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचा. त्याच्या कठड्याचे कोरीव दगडी खांब मिळाले, त्यांवर ब्राह्मीत दात्यांची नावं. एका शिल्पात फणा काढलेला नागराज आहे आणि त्याचं नावही शेजारीच कोरलंय, मुचलिंद. बुद्धावर पावसात फणा धरणारा हा नाग पावसाळी नदीच्या काठी कोरला जावा, हे मला भारी शोभून दिसतं. चांदकापूरच्या बाजूलाही स्तूपाचे अवशेष निघाले. भार राजा भगदत्ताचा लेख आणि महाक्षत्रप रूपिअम्माचा स्तंभ इथलेच, त्यांवर अभ्यासक वा. वि. मिराशींनी लिहून ठेवलंय.

असे स्तूप बांधण्याएवढा पैसा या झाडीपट्टीत आला कुठून? तट पाहिला की अंदाज येतो. तीन बाजूंना मातीचा उंच बांध नि खंदक, चौथीकडे नदी. राखण्याजोगं काही असल्याशिवाय कोणी एवढी माती उपसत नाही. पुढच्या काळात गावाला नाव मिळालं ते कोष्ट्यांच्या मागांमुळे, रेशीमकाठी लुगड्या-धोतरांमुळे. रेल्वे मात्र गावात आलीच नाही. नागपूर-नागभीड रेल्वेमार्गावरच्या ठेसनाला ‘पवनी रोड’ म्हणतात, आणि त्यातला ‘रोड’ हा शब्द प्रवाशाला लगेच कळतो.

मग धरण आलं. गावाच्या वरच्या अंगाला, तालुक्यातल्याच गोसेखुर्दला. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी भूमिपूजन केलं. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळेपर्यंत तो आकडा कितीतरी पटींनी फुगला होता. सिंचनाचं उद्दिष्ट अडीच लाख हेक्टर, दारं तेहतीस. रशियात व्होल्गाकाठच्या काल्याझिनचा जुना भाग १९४०च्या सुमारास उग्लिच धरणाच्या पाण्यात बुडाला; चर्चचा घंटामनोरा तेवढा अजून पाण्यातून डोकं वर काढून आहे. पवनीचं तसं झालं नाही; ती धरणाच्या खाली, म्हणून वाचली. बुडाली ती वरची गावं. त्यांची देवळं, बांध, धानाच्या बांध्या, सगळं पाण्याखाली गेलं आणि माणसं पुनर्वसनाच्या आखीव वसाहतींत आली.

वाचलेल्या गावाची नदी मात्र पूर्वीची राहिली नाही. ढिवरांचा डोंगा, उन्हाळ्यात रेतीत लावलेली टरबुजं नि डांगरं, हे सारं नदीच्या ओसरण्यावर बेतलेलं असायचं. आता पाणी किती येणार ते दारांवर ठरतं. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातून आलेल्या पुराने भंडारा शहर बुडवलं, तेव्हा गोसेखुर्दची सगळी दारं उघडली आणि पाणी खाली पार ब्रह्मपुरी-गडचिरोलीपर्यंत घुसलं. तेव्हापासून पावसाळ्यात घाटावरची माणसं एकमेकांना आधी विचारतात, ‘गेट किती उघडले?’ पावसाची चौकशी त्यानंतर.