चाकांवरचं घर (भाग ४) : यलोस्टोनच्या आधी एक रात्र

मागच्या भागात आपण अमेरिकेत भाड्याने मिळणाऱ्या मोटरहोमचे वर्ग पाहिले आणि पहिल्यांदाच निघणाऱ्या कुटुंबाला ‘क्लास सी’ सोयीची पडते, इथवर आलो. साधारण २५ फूट लांब गाडी, चालकाच्या डोक्यावर झोपायचा माळा, मधे ओटा आणि टेबल, शिवाय संडास-बाथरूम. उन्हाळ्यात भारतातून आलेले आईबाबा, सुट्टी लागलेली मुलं आणि मनात थेट यलोस्टोनचा बेत, असं चित्र तिथल्या अनेक मराठी घरांत असतं. या सगळ्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं : आधी एक रात्र, गाडी ताब्यात मिळते तिथून तासाभराच्या अंतरावर काढा. भाड्याला किमान दोन-तीन रात्रींची अट असेल, तर त्यातली पहिली रात्र अशी ठेवा.

यलोस्टोनमध्ये पाणी, वीज आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या, म्हणजे ‘फुल हुकअप’, फक्त फिशिंग ब्रिजच्या कॅम्पग्राउंडवर मिळतात. बाकी ठिकाणी गाडीत आहे तेवढ्यावर भागवायचं. आपल्या माणसांना एका रात्रीत किती पाणी लागतं याचा अंदाज नसेल, तर तिथे दुसऱ्याच दिवशी नळ कोरडा पडू शकतो. पहिला मुक्काम हा अंदाज बांधण्यासाठी करायचा.

जागा आणि वेळ

या रात्रीसाठी मात्र फुल हुकअपची साइट घ्या आणि ‘पुल-थ्रू’ मागा. तिथे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येतं, रिव्हर्स घ्यावं लागत नाही. दुपारी चारपर्यंत पोचा, कारण जोडण्या उजेडात शिकायच्या आहेत. वाटेत एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये अर्धा तास वळणं घेऊन पाहा. मागच्या चाकांच्या मागे गाडीचा बराच भाग असतो. पुढची चाकं डावीकडे वळली की तो भाग उजवीकडे झुकतो आणि शेजारच्या खांबाला लागतो.

गाडीची उंची कागदावर लिहून काचेजवळ चिकटवा. क्लास सी बहुधा ११-१२ फूट उंच असते. न्यूयॉर्कच्या पार्कवेंवरचे जुने पूल त्याहून ठेंगणे आहेत, आणि फोनवरचा नेहमीचा नकाशा तुमची उंची विचारात घेत नाही. बुकिंगच्या वेळी ‘सहा जण झोपतात’ एवढ्यावर थांबू नका, सीटबेल्ट किती तेही विचारा. गाडी चालू असताना कोणी पलंगावर आडवं होणार नाही, चहा टाकायला उठणार नाही, हे आजी-आजोबांनाही निघण्याआधी नीट समजावून सांगा. कुकर आणि जड डबे खालच्या कपाटात ठेवा.

पाणी : येणारं आणि जाणारं

अशा गाडीची ताज्या पाण्याची टाकी सुमारे ४० गॅलन, म्हणजे दीडशे लिटरची धरा. घरच्या शॉवरमधून मिनिटाला दोन-अडीच गॅलन पाणी पडतं. दहा-दहा मिनिटं दोघांनी अंघोळ केली की टाकी संपली. गरम पाण्याची टाकी तर बहुधा सहाच गॅलनची. म्हणून अंग ओलं करा, नळ बंद करून साबण लावा, मग पुन्हा पाणी घ्या. आपल्याकडे बादलीने अंघोळ करणाऱ्यांना हे जड जाऊ नये.

वापरलेलं पाणी दोन टाक्यांत जातं. अंघोळीचं आणि भांड्यांचं ‘ग्रे’ टाकीत, संडासाचं ‘ब्लॅक’ टाकीत. जोडणी असली तरी ब्लॅकची झडप उघडी ठेवायची नाही. उघडी राहिली तर पातळ भाग वाहून जातो आणि घट्ट भाग तळाशी वाळून बसतो. संडासानंतर भरपूर पाणी वापरण्याची आपली सवय इथे उपयोगी पडते. ओले टिश्यू मात्र आत टाकायचे नाहीत. सकाळी निघताना दोन-तीन बादल्या पाणी ओतून आधी ब्लॅक सोडा, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हातात रबरी मोजे हवेत, आणि पिण्याच्या पाण्याची नळी कायम वेगळी हवी.

तेलकट ताटं धुण्याआधी कागदाने पुसून घ्या. भाताची शितं आणि आमटीचं तेल ग्रे टाकीत गेलं की दुसऱ्या दिवशी वास सुटतो.

वीज, गॅस आणि फ्रिज

क्लास सी गाड्यांना बहुतेक ३० अँपिअरची जोडणी असते. १२० व्होल्टने गुणलं की ३६०० वॉट. छतावरचा एसी, मायक्रोवेव्ह आणि पाणी तापवायची विजेची किटली या प्रत्येकाला साधारण दीड हजार वॉट लागतात. म्हणजे एका वेळी दोन चालतील, तिसरं लावलं की ब्रेकर पडेल. खांबावरचा ब्रेकर बंद करूनच वायर जोडायची किंवा काढायची.

शेगडी प्रोपेनवर चालते. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा अलार्म खाली बसवलेला असतो. त्याच्यासमोर पिशव्या रचू नका. फोडणी दिली की धुराचा अलार्म हमखास वाजतो. त्याची बॅटरी काढून ठेवण्यापेक्षा छताची खिडकी आणि पंखा आधी उघडा, किंवा बाहेर छोट्या शेगडीवर फोडणी करा. थंडी वाजली तरी उबेसाठी ओट्यावरची शेगडी पेटवायची नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला ना रंग ना वास, आणि तो जीव घेतो.

अनेक गाड्यांतल्या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. उष्णतेने आतला अमोनिया फिरत राहतो आणि थंडावा तयार होतो. गाडी तिरकी उभी असेल तर हे फिरणं अडतं आणि फ्रिज बिघडू शकतो. म्हणून चाकांखाली ठोकळे सरकवून गाडी समतल करणं हे पोचल्यावरचं पहिलं काम. असा फ्रिज गार व्हायला कित्येक तास घेतो. गाडी घेताना तो आधीच चालू ठेवायला सांगा, आणि दही-भाज्या घरूनच थंड करून आणा.

माप घेणारी रात्र

आता या मुक्कामाचं मुख्य काम. संध्याकाळी ताज्या पाण्याची टाकी काठोकाठ भरा. रात्रीच्या स्वयंपाकाआधी बाहेरचा नळ बंद करा, ग्रेची झडप लावा, गाडीतला पंप चालू करा आणि सकाळच्या अंघोळी, चहा, पोहे होईपर्यंत फक्त टाकीवर राहा. वीज जोडलेली असू द्या. मग भिंतीवरच्या पॅनेलवर तिन्ही टाक्यांची पातळी वाचा आणि वहीत लिहून ठेवा. रात्री आईंना माळ्याची शिडी जमली का, कोणाला पांघरूण कमी पडलं, टॉर्च कुठे सापडला नाही, हेही लिहा. ही दुरुस्ती तासाभराच्या अंतरावर सोपी असते, हजार मैलांवर नसते.

समजा सकाळी निम्मं पाणी उरलं. म्हणजे पाण्याच्या हिशेबाने तुमचं कुटुंब जोडणीशिवाय साधारण दोन रात्री राहू शकतं. पावच उरलं असेल, तर रोज पाणी भरायची सोय असलेला मार्ग हवा, नाहीतर अंघोळी कॅम्पग्राउंडच्या स्नानगृहात करायला हव्यात. यलोस्टोनला किती रात्री कुठे राहायचं, हे या नोंदीवरून ठरवा.

पुढच्या आठवड्यात : राष्ट्रीय उद्यानांतल्या कॅम्पग्राउंडचं आरक्षण. गाडीची लांबी, जोडण्या आणि तुमची ही वही समोर ठेवून साइट कशी निवडायची ते पाहू.