लांब इंग्रजी शब्दांत जोर कुठे द्यायचा?

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात मराठी शाळेतून आलेल्या मुलामुलींची ॲग्रॉनॉमी, एन्टोमॉलॉजी, हॉर्टिकल्चर अशा लांबलचक शब्दांशी लगेच गाठ पडते. बोलताना ती अडखळली की दोष वऱ्हाडी बोलीला दिला जातो. सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच. ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणण्याचा इथे काहीएक संबंध नाही. पुण्यामुंबईचा मराठी माणूसही याच शब्दांत चुकतो, कारण मराठीत शब्दाच्या अमुक तुकड्यावर जोर दिला म्हणून अर्थ बदलत नाही. इंग्रजी कान मात्र शब्द ओळखतो तो बराचसा जोरावरून.

दुसरा समज असा, की मूळ शब्द नीट आला म्हणजे झालं, प्रत्यय नुसता मागे जोडायचा. तसं नाही. ‘ॲग्रिकल्चर’चे तुकडे चार, ॲ-ग्रि-कल्-चर, आणि जोर पहिल्या ‘ॲ’वर. ‘अल’ लागला की तुकडे पाच होतात, ॲ-ग्रि-कल्-च-रल, आणि जोर ‘कल्’वर सरकतो. ‘ॲग्रॉनॉमी’त जोर ‘ग्रॉ’वर असतो आणि पुढचा ‘नॉ’ जवळजवळ ‘न’ होतो. ‘ॲग्रॉनॉमिक’मध्ये तोच ‘नॉ’ ठणठणीत उभा राहतो आणि ‘ग्रॉ’ विरतो. ‘इक’, ‘शन’, ‘इटी’ यांच्या लगेच आधीच्या तुकड्यावर जोर येतो, हा नियम फार उपयोगाचा आहे. ‘युनिव्हर्स’चा जोर ‘यु’वर, पण ‘युनिव्हर्सिटी’चा ‘व्हर्’वर. ‘पॉलिटिक्स’सारखे अपवाद थोडे. ‘एन्टोमॉलॉजी’त ‘लॉजी’ ठासून म्हणण्याची सवय मात्र सोडायलाच हवी. तिथे जोर ‘मॉ’वर: एन्-ट-मॉ-ल-जी.

प्रत्ययाने शब्द आतून बदलतो, हे आपल्याला नवीन नाही. कापूस बाजारात नेला की ‘कापसाला’ भाव विचारतो, तिथे ‘पू’मधला ऊ नाहीसा होतो. ‘तूर’ची ‘तुरीला’ होताना दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो. कोणी न शिकवता आपण हे बिनचूक करतो.

म्हणून प्रत्येक प्रत्यय जोर हलवतो असंही समजू नये. ‘मेंट’, ‘नेस’, ‘इंग’ त्याला धक्का लावत नाहीत. ‘डेव्हलप’ आणि ‘डेव्हलपमेंट’ दोन्हींत जोर ‘व्हे’वरच. ‘इंजिनिअर’मधला शेवटचा प्रत्यय तर जोर स्वतःकडेच ओढून घेतो. भूतकाळाच्या ‘एड’ने दरवेळी तुकडा वाढतो हेही खरं नाही. ‘वॉक्ड’ एकच तुकडा. ‘प्लँटेड’चे दोन, कारण आधी ट आहे. ट किंवा ड असेल तरच तुकडा वाढतो.

हे सगळं ब्रिटिश ढंगाचं अनुकरण आहे, असं म्हणणाऱ्यांनी कोणताही चांगला शब्दकोश उघडावा. जोराच्या तुकड्याआधी वर एक बारीक उभी रेघ असते, आणि अशा शब्दांत ब्रिटिश व अमेरिकन कोशांतही ती बहुतेक एकाच जागी असते. अमरावती-अकोल्याच्या शिक्षकांना विनंती एवढीच, की नवा शब्द फळ्यावर लिहिताना स्पेलिंगबरोबर ती रेघही काढा.